विषय: तुमच्या आजोबांचा जन्म

मडगावात, झेरॉक्सच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर
माझं टेबल. शेजारी पाण्याची टाकी, ती गळते.
मी लोकांचे आजोबा शोधून देतो.
नोंदवहीत, वाळवीनं सोडलेल्या पानांत,
कुणा कारकुनाच्या घाईच्या पोर्तुगीज अक्षरात
एक बाळ रडत असतं, एकोणतीस सालचं.
मी त्याचा फोटो काढतो
आणि स्विंडनला, त्याच्या नातवाला पाठवतो.

पाठवतो म्हणजे, पाठवत होतो.
पोचत नव्हतं.

आधी वाटलं, लोकच असे.
काम होईस्तोवर भाई, भाई. मग गप्प.
फुर्तादांच्या आकीनला तर तीनदा लिहिलं,
सगळी अक्षरं मोठी, शेवटी चार उद्गारचिन्हं:
तातडीचे, पासपोर्ट, पैसे, आजच.
खाली सही नाही, नुसता चिकटवलेला फोटो.

खालच्या दुकानातली साविया चहा घेऊन वर आली,
माझ्या खांद्यावरून वाचलं, आणि हसली.
"भाई, हे मला आलं असतं
तर मी पोलिसांत दिलं असतं."

मग तिनं समजावलं, ते असं:
गावात नवा माणूस शिरला
की बल्कांवावरची म्हातारी विचारते,
"कोणालो रे तूं?"
नुसतं नाव सांगून भागत नाही, नाव कुणीही सांगेल.
कुठल्या वाड्यावरचा, कुणाकडे उतरलास,
आणि तेवढ्यावरही न थांबता
ती त्या घरी पोर धाडते: "हा तुमचाच ना?"
तिकडचा सर्व्हरही तसाच.
माझं नाव वाचतो, माझ्या डोमेनच्या दारात जातो,
हाक मारतो,
आणि आत कुणीच नसतं.

तीन ओळी तिनं कुठेतरी भरल्या.
एक म्हणे, माझ्या नावानं कोण पत्र टाकू शकतं त्याची यादी.
एक मोहर, वाटेत कुणी मजकूर बदलला तर तुटणारी.
तिसरी, तोतया आला तर त्याचं काय करायचं तो हुकूम.
मोहर मला लगेच कळली.
लाखेच्या वासात चौतीस वर्षं नोकरी केलीय.

"आणि एका दिवसात दोनशे जणांना नको,"
जिना उतरता उतरता ती म्हणाली.
"ज्याला नको झालंय त्याला सोडून द्या.
आणि हो, तुमचं स्वतःचं स्पॅम
कधी उघडलंत का?"

नव्हतं उघडलं.
लॉटरी. कर्ज. टक्कलावरचं तेल.
मला न पाहता माझ्या प्रेमात पडलेली एक विधवा.
आणि त्या गर्दीत, अंग चोरून बसलेला आकीन:
"भाई, हे माझं सातवं पत्र.
तुम्ही रागावलात का?
पैसे कुठे पाठवू, ते तरी सांगा."

सहा पत्रं शोधली. वर, खाली, पुन्हा वर.
"तीस दिवसांनी आपोआप जातात, भाई."
तीस दिवस.
वाळवीसुद्धा निदान कडा ठेवते,
कडेवरून मी माणसं ओळखली आहेत.

रात्री दुकान मिटल्यावर लिहायला बसलो.
लहान अक्षरांत. उद्गारचिन्ह एकही नाही.

आकीन, मी गुरुदास लोटलीकर, मडगावचा.
रागावलो नाही. मलाही वाटलं, तूच रागावलास.
तुझे आजोबा सापडले. पहाटे चार वाजता जन्मले.
साक्षीला दोघे होते, एक सुतार आणि एक शेजारी.
सुताराला सही येत नव्हती,
तसं कारकुनानं लिहून ठेवलंय,
आणि तरी त्याची साक्ष धरली आहे.
पैशांचं नंतर बघू.
हे पोचलं तर एक ओळ लिही.
काहीही लिही. पाऊस आहे का तिथं, एवढंच लिहिलंस तरी
माझं दार त्यांना माहीत होईल.